क्लस्टर डोकेदुखी: गोळी लागू पडेपर्यंत अटॅक संपलेला असतो

क्लस्टर डोकेदुखीचा एक अटॅक, काहीच उपचार केले नाहीत तर, १५ मिनिटं ते ३ तास टिकतो. बऱ्याच जणांचा तासाभराच्या आसपास ओसरतो. आता डोकेदुखीची नेहमीची गोळी घ्या. ती पोटात विरघळणार, आतड्यातून रक्तात जाणार, मग डोक्यापर्यंत पोहोचणार. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणजे गोळीचा परिणाम सुरू होण्याची वेळ आणि अटॅक आपणहून ओसरण्याची वेळ जवळपास एकच. माणसाला वाटतं, गोळीने आराम पडला. पुढच्या वेळी तो दोन घेतो.

या दुखण्याच्या उपचारांबद्दल जो गोंधळ आहे, त्याचं मूळ बहुतांशी इथेच आहे. अटॅक आपोआप थांबतो. अटॅक येत राहण्याचा काळ, ज्याला या लेखात ‘फेरा’ म्हणू, तोही काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी बहुतेकांमध्ये आपोआप संपतो. त्यामुळे फेरा संपता संपता जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळून जातं: चष्म्याचा नंबर बदलला, सायनस धुऊन घेतला, दाढ काढली, सुंठ उगाळून कपाळाला लावली, आजीने दृष्ट काढली. वर्षभराने दुखणं परत येतं आणि ‘मागच्या वेळी ज्याने बरं वाटलं’ ते पुन्हा सुरू होतं.

फक्त घरगुती उपायांचंच असं होतं, असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. हिस्टामिन या रसायनामुळे हे होतं अशी त्यांची खात्री होती. म्हणून हिस्टामिनचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावायचा उपचार त्यांनी चालवला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. आज तो सहसा कुणी करत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक उपचाराला दोन प्रश्न विचारू: किती मिनिटांत (किंवा आठवड्यांत) काम करतो, आणि नुसतं पाणी किंवा हवा दिलेल्या लोकांपेक्षा किती जास्त फरक पडतो?

आधी ओळख पटायला हवी

दुखणं एकाच बाजूला असतं: डोळ्याच्या मागे, भुवईवर किंवा कानशिलात. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहतं, तीच नाकपुडी चोंदते किंवा गळते, पापणी सुजते किंवा खाली उतरते, कपाळाला घाम फुटतो. तीव्रता अशी की बाळंतपण आणि मुतखडा दोन्ही सोसलेल्या बायकांनीही हे दुखणं त्यांच्या वरचं असल्याचं सांगितलं आहे. अटॅक एक दिवसाआड एक इथपासून दिवसाला आठपर्यंत येऊ शकतात.

मायग्रेनपासून वेगळं काढायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे माणूस दुखताना काय करतो ती. मायग्रेनवाला अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, हललं तरी त्याला त्रास होतो. क्लस्टरवाल्याला पडवत नाही. तो येरझारा घालतो, पुढेमागे डोलतो, डोकं दाबून धरतो, भिंतीवर आपटतो. आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं की सगळ्यालाच अर्धशिशी म्हणतात आणि मायग्रेनची औषधं सुरू होतात, म्हणून हा फरक डॉक्टरांना आवर्जून सांगावा. शक्य असेल तर घरच्या कुणी अटॅकचा मोबाइलवर व्हिडिओ काढावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत चेहरा पूर्ववत झालेला असतो आणि समोर बसलेला धडधाकट माणूस ‘जीव जातो’ म्हणतो आहे यावर विश्वास बसत नाही. तो व्हिडिओ अर्धं निदान करून देतो.

दुसरी खूण घड्याळाची. रोज ठरलेल्या वेळी, पुष्कळदा झोप लागल्यावर तास-दीड तासाने अटॅक येतो. कित्येकांचा फेरा वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच सुरू होतो. शरीराचं घड्याळ चालवणारा मेंदूचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस. १९९८ साली लंडनमधल्या संशोधकांनी अटॅक चालू असताना मेंदूचं पेट स्कॅनिंग (कुठला भाग जास्त काम करतोय ते दाखवणारी तपासणी) केलं, तेव्हा नेमक्या त्याच भागात जास्त हालचाल दिसली. तिथून चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस आणि डोळा-नाकातलं पाणी नियंत्रित करणाऱ्या नसा चाळवल्या जातात. दुखणं आणि डोळ्यातलं पाणी बरोबर येतात ते यामुळे. सायनसचा यात काही संबंध नाही.

हजारात साधारण एकाला हा आजार होतो आणि पुरुषांमध्ये त्याचं प्रमाण काही पटींनी जास्त आहे. बायकांना होत नाही, हा मात्र गैरसमज, आणि त्यापायी त्यांचं निदान आणखी लांबतं. बहुतेकांना दोन फेऱ्यांमध्ये निदान तीन महिने पूर्ण सुटका मिळते. दहा-पंधरा टक्के लोकांना अशी सुटका वर्षभरात मिळतच नाही. त्याला क्रॉनिक प्रकार म्हणतात आणि त्याचा उपचार बराच कठीण असतो.

रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही. एमआरआय एकदा करतात, तो मुख्यतः पिट्युटरी ग्रंथीजवळ गाठ वगैरे नाही ना हे पाहण्यासाठी. काही गोष्टींत मात्र वाट बघू नये: डोळा लाल होऊन नजर धूसर झाली किंवा दिव्यांभोवती वलयं दिसू लागली तर तो काचबिंदूचा तातडीचा प्रकार असू शकतो. डोकं क्षणात कमालीचं दुखू लागलं, सोबत ताप, मान आखडणं, हात-पाय लुळे पडणं असं काही असलं, किंवा मान दुखून पापणी उतरली ती उतरलेलीच राहिली, तर थेट हॉस्पिटल गाठावं. आणखी एक: अटॅक अगदी छोटे, म्हणजे दोन मिनिटं ते अर्धा तास, आणि दिवसातून पाचपेक्षा जास्त येत असतील तर तो क्लस्टरचा एक भाऊबंद असू शकतो. त्याला इंडोमेथॅसिन हे जुनं, स्वस्त औषध हमखास लागू पडतं, म्हणून डॉक्टर आधी ते देऊन पाहतात.

अटॅक चालू असताना: ऑक्सिजन

मला विचाराल तर या आजारातला सगळ्यात चांगला उपचार हाच, आणि सगळ्यात कमी लिहून दिला जाणाराही हाच.

हॉर्टन यांच्या काळापासून ऑक्सिजन माहीत होता, पण १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या ली कुड्रो यांनी तो पद्धतशीर वापरून पाहिला. (अभिनेत्री लिसा कुड्रोचे हे वडील.) सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना गुण आला. पण खरी परीक्षा २००९ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी घेतली. रुग्णांना घरी सिलिंडर दिले. काहींत शुद्ध ऑक्सिजन, काहींत साधी हवा, आणि कुणात काय आहे ते रुग्णाला ठाऊक नाही. मिनिटाला १२ लिटर, १५ मिनिटं. ऑक्सिजनने ७८ टक्के अटॅकमध्ये दुखणं थांबलं किंवा पुरेसं उतरलं. हवेने २० टक्क्यांत. ते २० टक्के म्हणजेच सुरुवातीला सांगितलेलं फुकटचं श्रेय. ते वजा करूनही जे उरतं ते भरघोस आहे.

गुण का येतो याचा पूर्ण उलगडा झालेला नाही, पण डोळा-नाकाकडे जाणाऱ्या त्या चाळवलेल्या नसांवर ऑक्सिजन थेट काम करत असावा असा अंदाज आहे. महत्त्वाचं हे की दिवसातून कितीही वेळा घेता येतो, रक्तदाब-हृदयविकार असला तरी चालतो, गरोदरपणातही पहिली पसंती त्यालाच असते. फुप्फुसांचा जुनाट दमा किंवा सीओपीडी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

तरीही ‘ऑक्सिजन घेऊन पाहिला, काही झालं नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चौकशी केली तर बहुधा पद्धत चुकलेली असते. नाकात घालायच्या बारीक नळ्यांनी मिनिटाला दोन-तीन लिटर ऑक्सिजन घेतला तर तो सोबतच्या हवेत मिसळून पातळ होतो, उपयोग शून्य. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत ‘एनआरएम मास्क’ हा शब्द माहीत झाला होता. तोच, पुढे पिशवी लावलेला नॉन-रिब्रीदर मास्क इथे लागतो. फ्लोमीटर १२ ते १५ लिटरवर ठेवायचा, पिशवी पूर्ण फुगू द्यायची, मास्क चेहऱ्याला घट्ट बसवायचा, ताठ किंवा किंचित पुढे वाकून बसायचं आणि शांतपणे श्वास घेत राहायचं. दुखणं सुरू होताच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत. कमी झालं तरी १५ मिनिटं पूर्ण करायची, नाहीतर ते पुन्हा उसळी मारतं.

कोविडमधून घरी पडून राहिलेलं कॉन्सन्ट्रेटर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. पाच लिटरचं यंत्र चालत नाही. ते मिनिटाला हवा तेवढा ऑक्सिजन देऊच शकत नाही, आणि देतं तो पूर्ण शुद्धही नसतो. सिलिंडरच लागतो.

सिलिंडरचा हिशेब आधी करून ठेवावा. एका अटॅकला १२ लिटर गुणिले १५ मिनिटं, म्हणजे १८० लिटर. पंधराच्या वेगाने घेतला तर २२५. घरी उचलून नेता येतो तो बी टाइप सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा, म्हणजे सहा ते आठ अटॅकचा. रोज दोन-तीन अटॅक येत असतील तर तीन दिवसांत रिकामा. उंच जंबो सिलिंडर सुमारे सात हजार लिटरचा, तो तीस-एक अटॅक निभावतो. मोठा घरी बिछान्याजवळ आणि छोटा कामाच्या ठिकाणी, अशी वाटणी बरी पडते. दोन्ही भाड्याने मिळतात, अनामत रक्कम ठेवावी लागते आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीवर नुसतं ‘ऑक्सिजन’ लिहून भागत नाही. आजाराचं नाव, १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, १५ मिनिटं, नॉन-रिब्रीदर मास्क हे सगळं त्यात हवं. डॉक्टरही कधी कधी कचरतात. त्यात नवल नाही, अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी योजनेने २०२१ पर्यंत क्लस्टरसाठी घरच्या ऑक्सिजनचा खर्च, संशोधनात सहभागी झालेले सोडले तर, नाकारलेलाच होता.

आगीची काळजी गंभीरपणे घ्यायची. खोलीत सिगारेट नाही, समई-उदबत्ती नाही, गॅसची शेगडी जवळ नाही. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीने बांधलेला. व्हॉल्व्हला तेलकट हात लावायचा नाही. आणि आपल्याकडची खास गोष्ट: कपाळाला बाम चोपडून त्यावर ऑक्सिजनचा मास्क चढवू नका. बाममध्ये तेल किंवा पेट्रोलियम जेली असते, आणि शुद्ध ऑक्सिजनच्या सान्निध्यात तेलकट पदार्थ चटकन पेट घेतो. तसंही या दुखण्यात बामचा काही उपयोग होत नाही.

ऑक्सिजन हाताशी नसेल तेव्हा

सुमाट्रिप्टान हे नाव मायग्रेनवाल्यांना परिचित आहे. इथे मात्र ते गोळीतून नाही, त्वचेखालच्या इंजेक्शनातून घ्यायचं असतं. डोस ६ मिलिग्रॅम. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिनिटांच्या आत ७४ टक्के अटॅकमध्ये आराम पडला, नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनाने २६ टक्क्यांत. इन्शुलिन घेणारे जसे स्वतः टोचून घेतात तसं हेही शिकून घेता येतं, आणि रात्री दीड वाजता दुसरा मार्गही नसतो. त्याच जातीच्या औषधांचे नाकात मारायचे फवारे असतात, उदाहरणार्थ झोल्मिट्रिप्टान. ते इंजेक्शनापेक्षा हळू पण गोळीपेक्षा लवकर काम करतात. फवारा दुखत नसलेल्या बाजूच्या नाकपुडीत मारावा, दुखणारी चोंदलेली असते. गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलमध्ये हे मिळेलच असं नाही, म्हणून फेरा सुरू होण्याआधी मागवून ठेवलेलं बरं.

मर्यादा दोन. चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त इंजेक्शनं नाहीत. आणि ही औषधं रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे हार्ट अटॅक, अंजायना, पक्षाघात होऊन गेलेल्यांना किंवा ताब्यात नसलेल्या बीपीवाल्यांना ती देत नाहीत. क्लस्टरच्या रुग्णांमध्ये धूम्रपान करणारे पुरुष पुष्कळ असतात. त्यामुळे चाळिशीपुढच्या माणसाचं हृदय आधी तपासून घेणं ही औपचारिकता नाही. सिगारेट सोडल्याने क्लस्टर जाईलच असं सांगता येत नाही, पण सुमाट्रिप्टान वापरायची मुभा टिकून राहते, हे कारण मला पुरेसं वाटतं. आपल्याकडे अजून मिळणाऱ्या अर्गोटामिनच्या गोळ्या आणि सुमाट्रिप्टान एकाच दिवशी कधीही घ्यायचे नाहीत.

नाकात खोलवर लिडोकेनचे थेंब टाकण्याचाही एक उपाय आहे, थोड्यांना थोडा उपयोग होतो. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, ट्रामाडॉल यांचा होत नाही, आणि ते वारंवार घेतल्याने जठर, मूत्रपिंड यांना त्रास होतो तो वेगळाच.

फेऱ्याला आवर घालायचा तर

दिवसाला चार अटॅक येत असताना प्रत्येक वेळी ऑक्सिजन लावत बसणं म्हणजे उपचार नव्हे. फेरा सुरू झाल्याची खात्री पटताच प्रतिबंधाचं औषध सुरू करतात. पहिलं नाव व्हेरापामिल. हे मुळात रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांचं औषध. इटलीतल्या डॉक्टरांनी २००० साली केलेल्या छोट्या चाचणीत दिवसाला ३६० मिलिग्रॅमने अटॅक स्पष्टपणे कमी झाले. सुरुवात साधारण २४० मिलिग्रॅमने करतात, मग एक-दोन आठवड्यांनी ८० मिलिग्रॅमची पायरी चढत जातात. काहींना ४८० लागतं, क्वचित ९६० पर्यंत जावं लागतं. बीपीसाठी एवढं कधी देत नाहीत, त्यामुळे चिठ्ठी पाहून औषध दुकानदार किंवा घरचे डॉक्टर बिचकतात आणि डोस कमी करायला सांगतात. न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय तो कमी करू नये.

बिचकण्याला कारण मात्र आहे. व्हेरापामिलमुळे हृदयातला विजेचा संदेश मंदावू शकतो. एका ब्रिटिश पाहणीत हे औषध घेणाऱ्या साधारण पाचातल्या एकाच्या ईसीजीत बिघाड दिसला होता. म्हणून आधी एक ईसीजी, प्रत्येक वाढीनंतर एक, आणि डोस स्थिर झाल्यावरही अधूनमधून. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही ईसीजी निघतो, त्यामुळे तो टाळायला सबब नाही. यात एक सापळा आहे. ज्याला आधी मायग्रेन समजून प्रोप्रानोलॉल दिलं गेलं आहे, त्याच्या चिठ्ठीत पुढचे डॉक्टर व्हेरापामिल जोडतात आणि जुनं बंद करायचं राहून जातं. ही दोन औषधं मिळून नाडी धोकादायक मंद करू शकतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं प्रत्येक वेळी सोबत न्या. बाकी त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, पायांना सूज, हिरड्या वाढणं.

व्हेरापामिलला योग्य डोसपर्यंत पोहोचून रंग दाखवायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर काय? नळाला पाणी येईपर्यंत टँकर मागवतात, तसे काही उपचार आहेत. एक, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. जर्मनीत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेरापामिल सुरू करताना सोबत पाच दिवस १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच जवळचं रूप) देऊन मग ते उतरवत नेलं. पहिल्या आठवड्यात सरासरी ७.१ अटॅक आले, खोटी गोळी घेणाऱ्यांना ९.५. फरक आहे, पण ‘स्टेरॉइड घेतलं की गायब’ अशी जी ख्याती आहे तेवढा नाही. डोस उतरवताना दुखणं परत येतं, मग माणूस स्वतःच मेडिकलमधून आणखी एक कोर्स आणतो, आणि इथेच घात होतो. साखर चढते, झोप उडते, पोटात जळजळ होते, आणि वारंवार घेतलं तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा निकामी होऊ शकतो. कोविडनंतर मुंबईत अशा खुब्यांची बातमी झाली होती ती आठवत असेल. वर्षातून एखादा छोटा कोर्स, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एवढीच स्टेरॉइडची जागा.

मधुमेहींसाठी आणि ज्यांना गोळ्यांचं स्टेरॉइड नको त्यांच्यासाठी दुसरा टँकर अधिक बरा: डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, ऑक्सिपिटल नसेभोवती स्टेरॉइड आणि भूल देणारं औषध यांचं इंजेक्शन. ओपीडीत दहा मिनिटांत होतं, चाचण्यांत टिकलेलं आहे, आणि काही आठवडे आराम देतं. साखर यानेही थोडी चढू शकते, पण गोळ्यांइतकी नाही. हा उपाय आपल्याकडे जितका सुचवला जायला हवा तितका जात नाही, असं मला वाटतं.

व्हेरापामिल चाललं नाही तर लिथियम. हे नाव वाचून घरात शांतता पसरते, कारण इंटरनेटवर शोधलं की ‘बायपोलर’ दिसतं. लिथियम इथे मनासाठी नसतं. क्रॉनिक क्लस्टरमध्ये त्याचा उपयोग कित्येक दशकं होत आला आहे. रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या मात्र चुकवून चालत नाहीत. मे महिन्यात विदर्भात उन्हात काम करणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं किंवा त्याने पाठदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं, तर पातळी विषारी होण्याइतकी चढू शकते. हात जास्त थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही धोक्याची चिन्हं. टोपिरामेट हाही एक पर्याय. त्याने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो आणि गर्भाला अपाय होतो. रात्री मेलाटोनिन देतात, त्याचा पुरावा तुटपुंजा आहे, पण त्रासही फारसा नाही.

नवं काय, आणि इंटरनेटवरचं काय

ट्रायजेमिनल नस चाळवली की सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं. ते अडवणारी इंजेक्शनं मायग्रेनसाठी आली. त्यातल्या गॅल्कानेझुमॅबला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने जून २०१९ मध्ये फेऱ्याफेऱ्याने येणाऱ्या क्लस्टरसाठी मान्यता दिली. महिन्याला ३०० मिलिग्रॅम. चाचणीतल्या रुग्णांना सुरुवातीला आठवड्याला सरासरी सतरा-अठरा अटॅक येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत औषधाने ते ८.७ ने कमी झाले, खोट्या इंजेक्शनाने ५.२ ने. पुन्हा तेच बघा: काहीच न दिलेल्यांचेही पाच अटॅक कमी झाले, कारण फेरा उतरणीला लागलेला असतो. युरोपच्या औषध नियामकाने हाच पुरावा पाहून क्लस्टरसाठी मान्यता नाकारली. क्रॉनिक प्रकारात तर हे औषध चाचणीतच उतरलं नाही. एवढं महाग औषध घेण्याआधी व्हेरापामिल पुरेशा डोसमध्ये देऊन पाहिलं का, हा प्रश्न विचारणं रास्त आहे.

मानेवर धरून व्हेगस (मेंदूतून मानेवाटे खाली छाती-पोटाकडे जाणाऱ्या) नसेला हलके विजेचे धक्के देणारं एक हातातलं यंत्र अमेरिकेत २०१७ पासून मान्य आहे. क्रॉनिकवाल्यांपेक्षा फेरेवाल्यांना अटॅक थांबवायला त्याचा उपयोग अधिक. ऑक्सिपिटल नसेजवळ तारा बसवायची शस्त्रक्रिया असते. हायपोथॅलॅमसमध्ये थेट तार घालायचा प्रयोग मिलानमध्ये २००० साली सुरू झाला. या दोन्ही गोष्टी सगळी औषधं थकलेल्या मोजक्या क्रॉनिक रुग्णांसाठी आहेत.

‘मॅजिक मश्रूम’ने क्लस्टर गेला असं सांगणारे इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यातल्या सायलोसायबिनवर अमेरिकेत छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. भारतात तो बाळगणं एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आपोआप संपणाऱ्या आजारात एकेकट्याच्या अनुभवावर किती भरवसा ठेवायचा ते वर आलंच आहे.

फेऱ्याच्या काळात दारू पूर्ण बंद. एखादी बिअरही तासाभरात अटॅक आणू शकते. गंमत अशी की फेरा नसताना तीच बिअर काही करत नाही. दुपारची डुलकी काहींना महागात पडते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटच्या गोळ्यांनीही अटॅक येतो. हृदयासाठी त्या चालू असतील तर परस्पर बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. मोठ्याने घोरत असाल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करून घ्यावी, दोन्ही आजार बऱ्याचदा सोबत असतात.

या दुखण्याला इंग्रजीत आत्महत्येची डोकेदुखी असंही नाव पडलेलं आहे, आणि ते अतिशयोक्तीने पडलेलं नाही. रात्रीमागून रात्री अटॅक येत असताना जगणं नकोसं वाटू लागलं, तर ते घरच्यांना आणि डॉक्टरांना उघड सांगावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी अटॅक चालू असताना ‘शांत पड जरा’ असा आग्रह धरू नये. त्याला पडवत नाही, हा आजाराचाच भाग आहे. मास्क आणून द्यावा, घड्याळ लावावं आणि बाजूला व्हावं.

अटॅक पूर्ण थांबून दोन आठवडे झाले की व्हेरापामिल पायरीपायरीने उतरवतात, एकदम तोडत नाहीत. फेरा नसताना ते वर्षभर घेत राहायची बहुतेकांना गरज नसते. सिलिंडर परत करा, म्हणजे भाडं चढणार नाही. पण कोणत्या डोसवर अटॅक थांबले, ईसीजी कसा होता, इंजेक्शन चाललं की नाही, फेरा कोणत्या तारखेला सुरू होऊन कधी संपला, हे एका कागदावर लिहून फाइलला लावा आणि ऑक्सिजनची चिठ्ठी नव्याने करून ठेवा. पुढचा फेरा दोन वर्षांनी येईल, कदाचित दुसऱ्या गावी आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे, आणि त्या डॉक्टरांना व्हेरापामिल पुन्हा २४० पासून चाचपडत चढवावं लागणार नाही.